नकाशावर गावाचे नाव लिहायचे कुठे?
संगणकीय ‘नाममांडणी’चे शास्त्र आणि त्याचे अभ्यासक

मालवण : मालवण तालुक्याच्या नकाशावर तळाशीलचे नाव नेमके कुठे लिहावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तोंडवळी-तळाशीलची भूमी म्हणजे एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस खाडी यांच्यामधून दक्षिणेकडे गेलेली वाळूची चिंचोळी पट्टी. नकाशा जिल्ह्याचा असेल, तर ही पट्टी टाकाने ओढलेल्या एका रेघेएवढीच उरते आणि तिच्यावर चार अक्षरेही मावत नाहीत. नाव पूर्वेला लिहिले तर खाडी झाकली जाते आणि ते खाडीपलीकडच्या गावाचे असावे, असा समज होतो. पश्चिमेला समुद्र मोकळा आहे. पण थोडे खाली सरकताच सर्जेकोट, मालवण, पद्मगड, सिंधुदुर्ग किल्ला ही नावेही त्याच पाण्यावर हक्क सांगू लागतात. शेवटी एखादे नाव गाळावे लागते. ते बहुधा तळाशीलचेच असते.

हाताने नकाशा काढणारा कारागीर अशी जागा नजरेने शोधत असे. संगणकाला नजर नाही. त्याला नियम सांगावे लागतात. हे नियम कोणते, ते सारे एकाच वेळी पाळता येतील का, येत नसल्यास किती नावे वाचवता येतील आणि त्याला संगणकाचा किती वेळ लागेल, या प्रश्नांचा अभ्यास हा गेल्या अर्धशतकात संगणकशास्त्राचा एक स्वतंत्र विषय बनला आहे. इंग्रजीत त्यास ‘लेबल प्लेसमेंट’ म्हणतात. मराठीत ‘नाममांडणी’ म्हणता येईल. माहितीचे चित्ररूप दर्शन घडविणाऱ्या ‘व्हिज्युअलायझेशन’ या मोठ्या शाखेचा तो एक भाग होय. जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिका आणि भारत येथील अनेक प्राध्यापकांच्या कारकिर्दीचा मोठा हिस्सा या विषयाने व्यापला आहे. कोणते नाव कुठे लिहावे, हे ठरविणाऱ्यांना अखेर कोणते नाव वगळावे, हेही ठरवावे लागते. विषयाचे महत्त्व त्यातच आहे.

समुद्रात लिहिलेली नावे

या शास्त्राचा आरंभ संगणकापासून झाला नाही. झुरिच येथील तंत्रविद्यापीठात (ईटीएच) नकाशाशास्त्राचे प्राध्यापक असलेले एडुआर्ड इम्होफ (१८९५-१९८६) यांनी १९६२ मध्ये नकाशावरील नावांच्या मांडणीविषयी एक निबंध जर्मनमध्ये लिहिला. १९७५ मध्ये तो इंग्रजीत आल्यावर जगभर वाचला गेला. पर्वतांच्या छायांकित नकाशांसाठी विख्यात असलेल्या या चित्रकार-प्राध्यापकाने पिढ्यान्पिढ्या कारागिरांच्या हातात असलेले संकेत प्रथमच शब्दांत बांधले. नाव कोणत्या ठिकाणाचे आहे, याविषयी शंका राहता कामा नये. एका नावाने दुसरे झाकू नये. जागा असेल तर ठिकाणाच्या वर, उजव्या अंगाला लिहावे. नदीचे नाव तिच्या वळणाप्रमाणे वळावे. प्रदेशाचे नाव त्या प्रदेशभर पसरावे.

किनाऱ्याविषयीचा त्यांचा संकेत कोकणवासीयांनी मुद्दाम पाहावा असा आहे. थेट समुद्रकाठी वसलेल्या गावाचे नाव पाण्यात लिहावे. किनाऱ्यापासून थोडे आत असलेल्या गावाचे नाव मात्र संपूर्णपणे जमिनीवर असावे. म्हणजे तारकर्ली, देवबाग, निवती ही नावे समुद्रात जातील. मसुरे, कट्टा ही जमिनीवर राहतील. त्यामुळे गाव दर्यावर्दी आहे की आतले, हे नाव वाचतानाच कळते. किनाऱ्याची रेघ अक्षराने छेदली जात नाही, हा आणखी लाभ. सागरी नौकानयनाच्या नकाशांत मात्र पाण्यावरची जागा खोलीचे आकडे, खडक आणि दीपगृहे यांच्यासाठी राखावी लागते. तेथे नावांनाच जमिनीकडे सरकावे लागते. एकच किनारा, पण नकाशा कोणासाठी आहे त्यावर नियम उलटा होतो.

इम्होफ यांच्या संकेतांना गणिती रूप देण्याचा पहिला ठळक प्रयत्न इस्रायलचे पिनहास योएली यांनी केला. स्वयंचलित नामलेखनाच्या तर्कपद्धतीवरील त्यांचा निबंध १९७२ चा. त्या काळी हे काम किती वेळखाऊ होते, याची कल्पना नंतरच्या अभ्यासकांनी वारंवार उद्धृत केलेल्या दोन अंदाजांवरून येते. हाताने नकाशा करताना निम्म्यापर्यंत वेळ केवळ नावे बसविण्यात जातो, असा एक. आणि कुशल नकाशाकार तासाला वीस-तीसच नावे बसवू शकतो, असा दुसरा. या हिशेबाने शंभर नावांच्या एखाद्या तालुक्याला चार तास लागतील, आणि नंतर एका गावाचे नाव राहून गेल्याचे लक्षात आले तर शेजारची चार-पाच नावे पुन्हा हलवावी लागतील.

योएली यांच्यानंतर अमेरिकेत हर्बर्ट फ्रीमन यांनी हा विषय पुढे नेला. रेषाकृती संगणकात साठविण्याच्या, १९६१ मध्ये मांडलेल्या ‘चेन कोड’ पद्धतीमुळे त्यांचे नाव आधीच सर्वज्ञात होते. १९८० च्या दशकात त्यांनी जॉन आन या सहकाऱ्यासह नावे आपोआप बसविणारी एक प्रणाली रचली. रटगर्स विद्यापीठातील या प्राध्यापकाने पुढे १९९७ मध्ये ‘मॅपटेक्स्ट’ नावाची कंपनीच काढली.

सव्वीस कोटी शक्यता

हे काम संगणकालाही अवघड का जावे? सिंधुदुर्ग जिल्ह्याचाच किनारा घेऊ. उत्तरेकडून दक्षिणेकडे विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मुणगे, आचरा, तोंडवळी, तळाशील, सर्जेकोट, मालवण, तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती आणि वेंगुर्ले ही चौदा ठिकाणे. प्रत्येक नावाला केवळ चार जागा मोकळ्या ठेवल्या (वर उजवीकडे, वर डावीकडे, खाली उजवीकडे, खाली डावीकडे) तरी एकूण मांडण्या होतात २६ कोटी ८४ लाख ३५ हजार ४५६. शिरोडा आणि रेडी ही दोन नावे वाढवली की संख्या सोळापट होऊन ४२९ कोटींवर जाते. आजचा संगणक इतके काम सहज उरकेल. पण शंभर गावे घेतली तर मांडण्यांची संख्या ६१ अंकी होते, आणि तेथे कोणत्याही संगणकाचा वेग उपयोगी पडत नाही.

अर्थात सगळ्या शक्यता न तपासता उत्तर काढणारी एखादी युक्ती असू शकते. तशी युक्ती बहुधा नाही, हे १९८८ ते १९९१ या काळात निरनिराळ्या संशोधकांनी दाखवून दिले. त्यांतील बर्लिनच्या मायकेल फोरमान आणि फ्रँक वाग्नर यांचा १९९१ चा निबंध विशेष गाजला. त्यामागील गरज अगदी व्यावहारिक होती. म्युनिक शहराच्या प्रशासनाला भूजलाच्या गुणवत्तेचे नकाशे हवे होते आणि दाटीवाटीने खणलेल्या कूपनलिकांच्या प्रत्येक बिंदूजवळ मजकूर छापायचा होता. एकही बिंदू गाळायचा नाही, तर अक्षरे जास्तीत जास्त किती मोठी ठेवता येतील?

त्यांचे उत्तर दुहेरी होते. प्रत्येक बिंदूला दोनच जागा दिल्या असतील तर प्रश्न झटपट सुटतो. चार जागा दिल्या, की तो ‘एनपी-हार्ड’ या कुप्रसिद्ध वर्गात जाऊन बसतो. म्हणजे त्याची अचूक आणि वेगवान रीत कोणालाही ठाऊक नाही आणि ती असण्याची शक्यताही फारशी कोणी धरत नाही. मात्र अक्षरांचा आकार सर्वोत्तम आकाराच्या निम्म्याहून कमी होणार नाही, याची हमी देणारी वेगवान रीत त्यांनी दिली. त्याहून चांगली हमी देता येणे जवळजवळ अशक्य असल्याचेही सिद्ध केले. निवडीचे स्वातंत्र्य दोनावरून चारावर नेल्याने प्रश्न सोपा न होता अवघड व्हावा, हे प्रथम वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटते; परंतु या शास्त्रात असे नेहमी घडते.

व्यवहारात दुसरा प्रश्न अधिक येतो. अक्षरांचा आकार ठरलेला असतो, कारण डोळ्यांना वाचता आले पाहिजे, आणि जागा सर्वांना पुरत नाही. मग जास्तीत जास्त किती नावे राखता येतील? येथे हार्वर्ड विद्यापीठातील जॉन क्रिस्टेन्सेन, जो मार्क्स आणि स्टुअर्ट शीबर यांचे काम महत्त्वाचे ठरले. १९९५ मध्ये त्यांनी तोवरच्या अनेक पद्धती एकमेकींसमोर उभ्या करून तपासल्या. तापवलेला धातू हळूहळू निववावा, त्याप्रमाणे सुरुवातीला नावांना वाटेल तसे हलू द्यायचे, प्रसंगी बिघडूही द्यायचे आणि क्रमाने ही मोकळीक कमी करत आणायची, ही ‘सिम्युलेटेड अॅनीलिंग’ पद्धत तुलनेत सरस ठरली. पुढची कित्येक वर्षे प्रत्येक नव्या पद्धतीला या निबंधाशी तुलना करूनच पुढे यावे लागले.

बर्लिन ते व्हिएन्ना

या त्रयीचे पुढे काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. शीबर मूळचे भाषाविज्ञानाच्या संगणकीय शाखेतले. नकाशा हा त्यांचा आडमार्ग होता आणि पुढे विद्यापीठीय संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता यावे यासाठीच्या हार्वर्डच्या २००८ मधील धोरणामुळे त्यांचे नाव अधिक ओळखले गेले. मार्क्स उद्योगक्षेत्रात गेले. मित्सुबिशी इलेक्ट्रिकची अमेरिकेतील संशोधन प्रयोगशाळा आणि नंतर डिस्नेचा संशोधन विभाग येथे त्यांनी काम केले. एका प्रश्नाने कीर्ती द्यावी आणि माणसाने त्या प्रश्नाला निरोप द्यावा, असा हा अमेरिकी प्रकार.

युरोपात नेमके उलटे घडले. तेथे या विषयाची गुरु-शिष्य परंपरा निर्माण झाली. फ्रँक वाग्नर यांचे विद्यार्थी अलेक्झांडर वोल्फ यांनी १९९९ मध्ये बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाकडून पीएच.डी. मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषयच स्वयंचलित नाममांडणीचे सिद्धान्त आणि व्यवहार हा होता. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात मार्क व्हान क्रेव्हेल्ड याच प्रश्नावर काम करीत होते. संगणकीय भूमितीच्या ज्या पाठ्यपुस्तकावर अनेक विद्यापीठांतील विद्यार्थी वाढले, त्या १९९७ च्या पुस्तकाच्या चार लेखकांपैकी ते एक. त्यांच्याकडे टिको स्ट्रायक यांचा याच विषयावरील प्रबंध २००१ मध्ये पूर्ण झाला.

व्हान क्रेव्हेल्ड, स्ट्रायक आणि वोल्फ या तिघांनी १९९९ मध्ये एक साधी पण फलदायी कल्पना मांडली. नावाला चारच ठरावीक जागा का द्याव्यात? बिंदूला चिकटून ते हवे तिथे सरकू द्यावे. मालवणचे नाव बिंदूच्या डावीकडे थोडे वर किंवा थोडे खाली घेता आले, तर सर्जेकोटच्या नावाला जागा मिळते. कारागिराचा हात नेहमी हेच करीत असे. गणिताने ते मान्य करायला सत्तावीस वर्षे घेतली, एवढेच. वोल्फ आणि स्ट्रायक यांनी १९९६ पासून या विषयावरील साऱ्या निबंधांची एक सूचीही जोपासली. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली पायरी तीच असे.

जर्मन भाषिक देशांतील प्राध्यापकी मोठी खडतर. पीएच.डी.नंतर ‘हॅबिलिटेशन’ नावाची दुसरी परीक्षा, मुदतबंद नेमणुका आणि एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलविणे, हे सारे तेथे गृहीतच धरलेले असते. वोल्फ यांचा प्रवास बर्लिनहून ग्राइफ्सवाल्ड, कार्ल्सरूह, नेदरलँड्समधील आइंडहोवन असा होत होत वुर्झबर्गला पोहोचला. तेथे २००९ मध्ये त्यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले. प्रबंधापासून दहा वर्षांनी.

कार्ल्सरूहच्या मुक्कामात त्यांना मार्टिन नोलेनबुर्ग हा विद्यार्थी भेटला. मेट्रो रेल्वेचा नकाशा संगणकाने आपोआप कसा काढावा, या विषयावर नोलेनबुर्ग यांनी २००५ मध्ये पदविका प्रबंध लिहिला. रेल्वेमार्ग आडवे, उभे किंवा तिरकेच असावेत, वळणे कमी असावीत आणि प्रत्येक स्थानकाच्या नावाला जागा मिळावी, या साऱ्या अटी त्यांनी आणि वोल्फ यांनी गणिती समीकरणांत बसविल्या. मुंबईच्या लोकलच्या डब्यात दरवाज्यावर लावलेला स्थानकांचा नकाशा ज्याने उभ्याने, धक्के खात वाचला आहे, त्याला या अटींचे मोल सांगावे लागणार नाही. नोलेनबुर्ग यांनी २००९ मध्ये डोरोथेआ वाग्नर यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. पूर्ण केली, काही काळ कॅलिफोर्नियात काढला आणि २०१५ मध्ये ते व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात रुजू झाले. आलेख-रेखनात मोठे काम असलेल्या डोरोथेआ वाग्नर २०२० मध्ये जर्मनीच्या विज्ञान परिषदेच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२३ पर्यंत त्या पदावर होत्या.

याच वर्तुळातून ‘सीमेवरील नाममांडणी’ ही शाखा निघाली. शालेय जीवशास्त्राच्या पुस्तकात हृदयाची आकृती मधोमध असते आणि भागांची नावे कडेला एकाखाली एक लिहून रेघांनी जोडलेली असतात. रेघा एकमेकींना छेदणार नाहीत आणि त्यांची एकूण लांबी कमीत कमी राहील अशी नावे कशी लावावीत, याचे गणित मायकेल बेकोस, मायकेल काउफमान, अँटोनिओस सिमव्होनिस आणि वोल्फ यांनी २००४ मध्ये मांडले. मालवण बंदराच्या परिसरासाठी ही रीत सोयीची आहे. जेटी, राजकोट, पद्मगड, दांडी, चिवला यांची नावे जागेवर कोंबण्यापेक्षा समुद्रात एका स्तंभात लिहून रेघांनी जोडली, तर किनाराही दिसतो आणि नावेही वाचता येतात.

आयतांचा प्रश्न आणि भारतीय नावे

नावाभोवती चौकट आखली की तो एक आयत होतो. मग प्रश्न असा उरतो : कागदावर एकमेकांवर चढलेले शेकडो आयत आहेत, त्यांतून एकमेकांना न शिवणारे जास्तीत जास्त आयत निवडा. या शुद्ध भौमितिक रूपात भारतीय संशोधकांचा वाटा ठसठशीत आहे.

रुरकी विद्यापीठातून (आजची रुरकी आयआयटी) १९८१ मध्ये पदवी घेतलेले सुभाष सुरी, ड्यूक विद्यापीठातील पंकज अगरवाल आणि व्हान क्रेव्हेल्ड यांनी १९९८ मध्ये या प्रश्नावर एकत्रित निबंध प्रसिद्ध केला. आयतांची संख्या वाढेल तशी हमी हळूहळू, म्हणजे त्या संख्येच्या लॉगरिदमच्या प्रमाणात, सैल होत जाते, असे त्यांच्या रीतीचे स्वरूप होते. सर्व आयतांची उंची सारखी असेल, म्हणजे सगळी नावे एकाच आकाराच्या अक्षरांत असतील, तर मात्र सर्वोत्तमाच्या हवे तितके जवळ जाता येते, हेही त्यांनी दाखवले. त्याच सुमारास संजीव खन्ना, एस. मुथुकृष्णन आणि माइक पॅटरसन हेही स्वतंत्रपणे लॉगरिदमच्या त्याच मर्यादेला पोहोचले होते.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत सुभास नंदी, संदीप दास, पार्थ गोस्वामी आणि शशांक रॉय यांनी २००२ मध्ये एका विशेष रूपाचा विचार केला : प्रत्येक बिंदू आपल्या नावाच्या चौकटीच्या डाव्या बाजूच्या वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यावर असला पाहिजे, उंची सर्वांची सारखी. म्हणजे नावे सगळी उजवीकडे. ही आकृती आरशात उलटी केली, की सिंधुदुर्गाचा किनारा उभा राहतो. बिंदू उजवीकडे, नावे सगळी डावीकडे पाण्यात.

सर्वसाधारण प्रश्न मात्र चिवट निघाला. २००९ मध्ये पारिन्या चालेर्मसूक आणि ज्युलिया चुझॉय यांनी हमी बरीच घट्ट केली. आयतांची संख्या कितीही असली तरी न बदलणारी, स्थिर हमी मिळण्यास २०२१ साल उजाडले; ती स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या जोसेफ मिचेल यांनी दिली. लगेच २०२२ मध्ये सहा जणांच्या एका गटाने ती आणखी सुधारून जवळजवळ दोनावर आणली; म्हणजे उत्तम मांडणीत शंभर नावे राहत असतील, तर या रीतीने पन्नासच्या आसपास तरी राहतीलच. या गटात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अरिंदम खान होते. १९९८ पासून मोजले तर चोवीस वर्षांत अनेक प्रबंध, नेमणुका आणि बढत्या या एका प्रश्नावर झाल्या. गावाचे नाव लिहिण्यापासून तो इतका दूर गेला, की त्यावर काम करणाऱ्या काहींनी नकाशाकडे पाहिलेही नसेल. सैद्धान्तिक संगणकशास्त्रात हे वारंवार होते, आणि त्यात वावगे काही नाही.

बोटाने मोठा होणारा नकाशा

कागदी नकाशावर नाव एकदा बसले की बसले. मोबाइलच्या पडद्यावरील नकाशा बोटांनी लहान-मोठा होतो, फिरतो, सरकतो. प्रत्येक वेळी मांडणी नव्याने केली तर नावे उड्या मारू लागतात. आता दिसलेले देवबाग नकाशा जरा मोठा करताच नाहीसे होते आणि पुन्हा उगवते. केन बीन, एली डायचेस आणि ची याप यांनी २००६ मध्ये यासाठी सुसंगतीचे नियम मांडले. नकाशा मोठा करताना एकदा आलेले नाव जाऊ नये, सरकवताना नावाने जागा बदलू नये. प्रत्येक नावाला प्रमाणाची एक ठरावीक पट्टी नेमून द्यायची. त्या पट्टीत ते दिसेल, बाहेर दिसणार नाही.

ही पट्टी कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायची? अल्गोरिदम केवळ हिशेब करतो. प्रत्येक नावाला किती ‘वजन’ द्यायचे, हे त्याला बाहेरून सांगितले जाते. वजन लोकसंख्येवर ठरवले तर समुद्रकाठच्या लहान वाड्या नेहमीच मागे पडतात. ते पर्यटकांच्या शोधांवर किंवा जाहिरातीवर ठरवले तर वाडीच्या जागी निवासस्थानांची आणि उपाहारगृहांची नावे उमटतात. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा सिंधुदुर्गात घरांची छपरे उडाली, झाडे आणि विजेचे खांब कोसळले. अशा वेळी बाहेरून येणाऱ्या पथकाच्या हातातील नकाशावर वाडीचे नाव असणे आणि नसणे यांत फरक पडतो. तारकर्लीत सुट्टी घालवायला आलेल्या माणसाला मात्र त्याच नकाशावर वाडीपेक्षा न्याहारी कुठे मिळेल ते हवे असते. दोघांचीही गरज खरी, वजने वेगळी.

कोकणच्या बाबतीत आणखी एक अडचण मुळातच आहे. देशावरचे गाव एका ठिकाणी दाट वसलेले असते, त्याला बिंदू कल्पिणे सोपे. कोकणातले गाव वाड्यावाड्यांत विखुरलेले. महसुली नोंदीत गाव एक, पण पाहायला गेले तर माडाबागांतून मैलभर पसरलेली घरे. नाममांडणीच्या बहुतेक साऱ्या गणिताची सुरुवात ‘एक बिंदू दिला आहे’ या वाक्याने होते. येथे तो बिंदूच काल्पनिक आहे. देवबागसारख्या, एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र असलेल्या गावासाठी नाव नदीच्या नावाप्रमाणे लांबीला धरून लिहिणे अधिक योग्य ठरेल.

‘सिंधुदुर्ग’ हे नाव तर स्वतंत्र प्रकरण आहे. १६६४ मध्ये बांधकाम सुरू झालेला, मालवणसमोरच्या कुरटे बेटावरील किल्ला, १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला जिल्हा, ओरोसजवळील कोकण रेल्वेचे स्थानक आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला परुळे-चिपीचा विमानतळ, चौघांचेही नाव तेच. त्यांतील एक प्रदेश, तीन बिंदू. एक बिंदू समुद्रात, दोन जमिनीवर. अक्षरांची जाडी, आकार आणि रंग बदलून हा भेद दाखवला नाही, तर किल्ला पाहण्यासाठी स्थानकावर उतरलेला प्रवासी मालवण अजून बरेच दूर असल्याचे ऐकून चकित होणारच.

शिरोरेषेचा पेच

आजवरचे बहुतेक संशोधन रोमन लिपी गृहीत धरून झाले आहे. देवनागरीत ‘मुणगे’ या तीन अक्षरी नावात उकार रेषेखाली जातो आणि मात्रा वर. ‘तोंडवळी’त वर मात्रा, अनुस्वार आणि वेलांटी. त्यामुळे चौकटीची उंची वाढते आणि त्याच जागेत कमी ओळी मावतात. प्रदेशाचे नाव पसरून लिहिण्याचा इम्होफ यांचा संकेत रोमन अक्षरांना सोपा, कारण ती मुळातच सुटी असतात. ‘अरबी समुद्र’ ही अक्षरे तशी पसरली, तर शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कळीत दिसतो. रेषा लांबवली तर अक्षरे दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात. पाण्याची नावे तिरक्या अक्षरांत लिहिण्याची पाश्चात्त्य रूढीही आपल्या लिपीच्या परंपरेतली नाही. नदीच्या वळणावर जोडाक्षर वाकवायचे कसे, हा प्रश्न तर अधिकच नाजूक. वेब-नकाशांच्या काही प्रचलित प्रणालींत दीर्घकाळ देवनागरी जोडाक्षरे तुटून उमटत असत.

या अंगाचे ज्ञान महाराष्ट्रात आहे, पण निराळ्या दालनांत. संगणकांवर सर्वत्र पोहोचलेल्या ‘मंगल’ या देवनागरी अक्षरसंचाचे रचनाकार र. कृ. जोशी यांनी १९८३ ते १९९६ या काळात मुंबई आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले. त्याच केंद्रातील गिरीश दळवी यांनी देवनागरी अक्षरांच्या अंगरचनेवर संशोधन केले आहे. भारतीय लिपींच्या संगणकीकरणाचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. उपग्रहचित्रे आणि भौगोलिक माहिती यांचा अभ्यास करणारे केंद्र मुंबई आयआयटीत १९७६ पासून आहे. संगणकीय भूमितीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सुबीरकुमार घोष यांचा, प्रतलातील दृश्यमानतेच्या अल्गोरिदमांवरील २००७ चा ग्रंथ प्रमाण मानला जातो. मुंबई आयआयटीतून १९८२ मध्ये बाहेर पडलेले आणि शिकागो विद्यापीठात प्राध्यापक झालेले केतन मुळमुळे यांचे संगणकीय भूमितीवरील पाठ्यपुस्तक १९९४ चे. अक्षर जाणणारे, नकाशा जाणणारे आणि भूमिती जाणणारे एकाच शहरात असूनही त्यांचे विभाग वेगवेगळ्या इमारतींत आहेत.

या वाटेने जायचे तर

या विषयात अध्यापन-संशोधनाची कारकीर्द करू इच्छिणाऱ्याला गणित आणि अल्गोरिदम यांचा पाया पक्का हवा. नकाशाची आवड नंतर आली तरी चालते. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थेतून पदविका घेतलेल्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदवीनंतर ‘गेट’ परीक्षा, एम.टेक. आणि पुढे पीएच.डी. हा रूढ मार्ग. बंगळुरूची विज्ञान संस्था, कोलकात्याची सांख्यिकी संस्था आणि मुंबईची टाटा संस्था ही या शाखेची परिचित ठिकाणे. संगणकशास्त्रात नियतकालिकांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व परिषदांतील निबंधांना असते, हे अन्य शाखांतून येणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. संगणकीय भूमितीची आंतरराष्ट्रीय परिषद १९८५ पासून, तर आलेख-रेखनाची १९९० च्या दशकाच्या आरंभापासून भरते. भारतात ‘एफएसटीटीसीएस’ ही सैद्धान्तिक संगणकशास्त्राची परिषद १९८१ पासून आहे. ‘वॉलकॉम’ २००७ मध्ये ढाक्यात आणि ‘कॅल्डॅम’ २०१५ मध्ये कानपूर आयआयटीत सुरू झाली. तरुण संशोधकांचे पहिले निबंध बहुधा या दोन परिषदांतच वाचले जातात.

प्रयोगासाठी सामग्रीची वाण आता पूर्वीसारखी उरलेली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भू-स्थानिक माहितीवरील अनेक निर्बंध शिथिल केले. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त नकाशात प्रत्येक ठिकाणाला मराठी नावासाठी स्वतंत्र रकाना आहे आणि तो कोणालाही भरता येतो. वाडीचे नाव आधी त्या रकान्यात असावे लागते. जागेचा प्रश्न त्यानंतरचा.